वीस मिनिटांची भीती आणि दोन तासांचा रिफंड

गेमबद्दल कुणाशीही बोलायला लागलं की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, किती तासांचा आहे? साठ तास म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो, दीड तास म्हटलं की लगेच "मग एवढे पैसे कशाला घालवायचे" सुरू होतं. मला हा प्रश्न मुळातच चुकीचा वाटतो आणि हॉररच्या बाबतीत तर त्यातून थेट नुकसान होतं, कारण कुठले गेम बनतात, कुठले बनत नाहीत, कोण टिकतं आणि कोण हे काम सोडून जातं हे सगळं या एका प्रश्नावर ठरायला लागलंय. ड्रेड एक्स कलेक्शन हा छोट्या हॉरर गेमचा संच खेळल्यावर माझं हे मत पक्कं झालं, म्हणून आधी त्याबद्दल बोलतो, पैशाकडे नंतर येतो.

तर ड्रेड एक्स कलेक्शन आलं मे २०२० मध्ये. ड्रेड सेंट्रल ही हॉररला वाहिलेली अमेरिकन वेबसाइट, तिच्यातून ड्रेड एक्सपी नावाचा गेमचा विभाग निघाला आणि त्यांनी दहा छोट्या डेव्हलपरांना एकच काम दिलं: सात दिवस घ्या आणि तुम्हाला आयुष्यात कधीतरी जो हॉरर गेम बनवायचाय त्याचं पी.टी., म्हणजे छोटीशी चुणूक, बनवून द्या. दहाही गेम एकाच पॅकमध्ये, एकाच किमतीत, आणि कमाईतला काही वाटा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेला. कोविडचे दिवस होते ते, सगळे घरात. पुढे हे चालत गेलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरं आलं, ऑक्टोबरमध्ये तिसरं, २०२१ मध्ये अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळावर घडणारं 'द हंट' आणि मग पाचवं. दुसऱ्यापासून नुसता मेनू न देता एक आख्खी जागा द्यायला लागले, म्हणजे एक वाडा आहे, त्यात फिरायचं, कोडी सोडवायची, किल्ल्या मिळवायच्या आणि एकेक गेम उघडत जायचा.

पी.टी. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १२ ऑगस्ट २०१४ ला सोनीच्या पीएस ४ (प्लेस्टेशन ४) या गेमच्या यंत्रावर एक फुकट डेमो आला, बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव खोटंच होतं. घरातला एक काटकोनात वळणारा पॅसेज, शेवटी दार, दार उघडून आत गेलं की परत त्याच पॅसेजच्या सुरुवातीला. तेच घड्याळ, तोच रेडिओ, पण दरवेळी काहीतरी किंचित बदललेलं. कोकणातल्या कुठल्याही माणसाला हे दाखवा, तो म्हणेल चकवा लागलाय. नंतर कळलं की ही गेम बनवणारा हिदेओ कोजिमा आणि सिनेमा दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स' या नव्या हॉरर गेमची जाहिरात होती, एप्रिल २०१५ मध्ये तो गेम रद्द झाला आणि पी.टी. सुद्धा स्टोअरवरून काढून टाकलं, ज्यांनी डिलीट केलं होतं त्यांना परत डाउनलोड करता येईना. तरीही त्या एका पॅसेजने नंतरच्या दहा वर्षांतल्या हॉरर गेमना जेवढं शिकवलं तेवढं क्वचितच कुठल्या मोठ्या गेमने शिकवलं असेल. मोठा गेम कधी आलाच नाही, आला तो फक्त तासाभराचा तुकडा, आणि तो तुकडाच पूर्ण होता असं माझं ठाम मत आहे.

कलेक्शनमधल्या सगळ्या गेमबद्दल लिहीत बसत नाही, सगळे चांगले नाहीतच. पहिल्यातला 'कार्थँक' म्हणजे अंतराळातलं इजिप्शियन थडगं, कल्पना ऐकायला भारी, पण त्यात उड्या मारत बसावं लागतं आणि चुकून पडलं की भीती जाते आणि चिडचिड उरते. 'रॉटगट' मध्ये दारूबंदीच्या काळातली भुयारं आहेत, त्यातून चालत राहायचं, वातावरण आहे पण त्याचं पुढे फार काही होत नाही. पण गंमत म्हणजे असे गेम आवडले नाहीत तरी राग येत नाही, कारण अर्ध्या तासात पुढच्यावर जाता येतं, वीस तासांचा गेम आठव्या तासाला फसला की जे वाटतं ते इथे वाटत नाही.

आता जे जमलेत त्यांच्याबद्दल. 'मिस्टर बकेट टोल्ड मी टू' हा स्ट्रेंज स्कॅफोल्ड या स्टुडिओचा गेम घ्या. तुम्ही एका बेटावर अडकलाय, जगण्यासाठी लागणाऱ्या काही वस्तू जवळ आहेत, तहान, झोप वगैरे सांभाळायचं, सर्व्हायव्हल गेममध्ये असतं तसंच सगळं. आणि एक बादली आहे जी तुमच्याशी बोलते. ती रोज तुमच्याकडून एक वस्तू मागते आणि ती द्यावी लागते. बाकीच्या सर्व्हायव्हल गेममध्ये दिवसागणिक तुमच्याकडे जास्त गोष्टी जमत जातात, हत्यार चांगलं होतं, घर मोठं होतं, इथे बरोबर उलटं, दिवसागणिक काढून घेतलं जातं आणि काय देऊ हे तुम्हीच ठरवायचं. ही कल्पना पंधरा तास ताणली असती तर नुसता हिशोब झाला असता, काय देणं परवडतं याची यादी झाली असती. छोटी असल्यामुळे प्रत्येक वस्तू जाताना जाणवते.

डेव्हिड शिमान्स्की या डेव्हलपरचे दोन गेम. पहिल्या कलेक्शनमधली 'द पोनी फॅक्टरी', काळीपांढरी, अंधारी, आणि त्या अंधारात घोड्यासारखं काहीतरी. हा माणूस 'डस्क' सारखा वेगवान शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, बनवून गाजलेला, बंदूक हातात असतानाही घाबरवायचं कसं हे त्याला नीट कळतं. आणि दुसऱ्या कलेक्शनमधला 'स्क्विरल स्टेपलर', ज्याचं नाव ऐकून लोक हसतात आणि खेळून झाल्यावर गप्प बसतात. जंगलातलं केबिन, आत बायकोचं प्रेत, आणि नायकाला वाटतंय की खारी मारून त्या प्रेतावर स्टेपल केल्या की ती परत सुंदर दिसेल. रोज सकाळी बाहेर पडायचं, दबकत दबकत चालायचं, खारींना चाहूल लागली की त्या पळतात. आणि देव यायला अमुक दिवस राहिले असं स्क्रीनवर येत राहतं. म्हणजे बघा, एक साधा शिकारीचा गेम, एक न समजणारी माहिती आणि उतरत जाणारा आकडा. बस. कुणीही उठून काही समजावून सांगत नाही. हाच गेम एखाद्या मोठ्या कंपनीने केला असता तर मध्ये वीस चिठ्ठ्या ठेवल्या असत्या, बायको कशी मेली, नवऱ्याचं बालपण कसं होतं, जंगलाखाली कुठली प्रयोगशाळा होती, आणि सगळं समजल्यावर भीती वाटायचं कारणच उरलं नसतं.

'हँड ऑफ डूम' जुन्या काळातल्या कॉम्प्युटरवरच्या भुयारी गेमसारखा दिसतो, मंत्राचे तुकडे जोडून मंत्र म्हणायचा, आणि तुम्ही स्वतः बोलताय असं वाटायला लागतं. एअरडॉर्फ या डेव्हलपरचा 'समर नाइट' तर खिशातल्या त्या काळ्या आकृत्यांच्या एलसीडी गेमसारखा, आमच्या लहानपणी जत्रेत मिळायचे तसला, ज्यात आकृती हलत नाही, एका जागेवरून विझते आणि दुसऱ्या जागी उमटते. एवढ्या दरिद्री चित्रातून भीती काढणं हे मला खरं कौशल्य वाटतं.

इथे मुद्द्यावर येतो. भीती ही सवयीने मरते. पहिल्यांदा राक्षस दिसतो तेव्हा तो राक्षस असतो, दहाव्यांदा दिसतो तेव्हा त्याचा ठरलेला रस्ता असतो, तो डावीकडे गेला की आपण उजवीकडे जायचं. २०१४ चा 'एलियन: आयसोलेशन' मला मनापासून आवडतो, त्यातला एलियन खेळाडूला शोधत फिरतो ते काम आजही थक्क करतं, पण तो गेम पंधरा-वीस तास जातो आणि शेवटच्या टप्प्यात मी कपाटात लपून घाबरत नव्हतो, कंटाळलो होतो. तेव्हाही काही समीक्षकांनी लांबीवरच बोट ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या स्टुडिओने, एवढ्या कसबाने केलेल्या गेमला जर भीती वीस तास धरून ठेवता येत नाही तर दोष कसबात नाही, लांबीत आहे. मराठीत भयकथा आणि गूढकथा वाढली ती सुद्धा कथेतच वाढली, मासिकांत आणि दिवाळी अंकांत, एका बैठकीत वाचून संपेल अशी, आणि तिथे कुणी संपादकाला विचारलं नाही की ही कथा दहाच पानांची का.

आणखी एक, दिसण्याबद्दल. या गेममधले बरेचसे पहिल्या प्लेस्टेशनसारखे दिसतात, हॉन्टेड पीएस१ नावाचा डेव्हलपरांचा एक मोठा गट आहे ज्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये सतरा डेमोंची एक फुकट डिस्क काढली आणि पुढच्या वर्षी पंचवीसची, तिथून ही लाट पसरली. भिंती चालताना थरथरतात, फरशीचं चित्र वाकडंतिकडं होतं, लांबचं सगळं धुक्यात. मूळ मशीनमध्ये हे मुद्दाम केलेलं नव्हतं, त्या चिपला जवळ-लांब अंतराचा हिशोब धरून चित्र चिकटवता यायचं नाही आणि बिंदूंच्या जागा पूर्णांकात धरल्या जायच्या म्हणून कडा उड्या मारायच्या, धुकं सुद्धा लांबचं काढायची ताकद नाही म्हणून. लोक म्हणतात हे सगळं नॉस्टॅल्जियावर चालतं. मला पटत नाही. आमच्या गावात पहिलं प्लेस्टेशन कुणाच्या घरी नव्हतं, आम्ही टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेमवर आणि नंतर सायबर कॅफेत वाढलो, मग मला कसली आठवण येणार? आणि तरी मी घाबरतोच. कारण चेहरा चार-पाच डागांचा असला की तो हसतोय का रडतोय हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि डोळा ते ठरवत बसतो. शिवाय हे गेम साध्या लॅपटॉपवर चालतात, ग्राफिक्स कार्ड लागत नाही, कॉलेजच्या पोरांसाठी ही बारीक गोष्ट नाही.

आता पैसे.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने जून २०१५ मध्ये रिफंडचा नियम आणला. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर कारण काहीही असो, पैसे परत. हा नियम चांगला आहे, मी तो वापरलाय आणि वापरत राहणार. आपल्यासारख्या लोकांना तर तो हवाच, जुना लॅपटॉप असतो, गेम चालेल का नाही हे घेतल्याशिवाय कळत नाही, ट्रेलरमध्ये एक आणि आत भलतंच असंही होतं. पण नियम लिहिताना ज्यांनी दोन तास ठरवले त्यांच्या डोळ्यासमोर मोठा गेम होता. चाळीस तासांच्या गेममध्ये दोन तास म्हणजे चव बघणं. सव्वा तासाच्या गेममध्ये दोन तास म्हणजे ताट स्वच्छ करून वर पैसे परत मागणं.

हे काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये एमिका गेम्स नावाने एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरने 'समर ऑफ ५८' हा छोटा हॉरर गेम काढला, साधारण दीड तासाचा. लोकांना आवडला, रिव्ह्यू चांगले आले, आणि तरी त्याने जाहीर केलं की गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवतोय, कारण गेम दोन तासांपर्यंत पोचत नाही म्हणून भरपूर लोक पूर्ण खेळून, चांगलं म्हणून, पैसे परत घेतायत आणि पुढचा गेम बनवायला पैसेच उरत नाहीत. याला मी चोरी म्हणणार नाही, नियमाने जे दिलंय तेच लोक घेतायत. म्हणूनच नियम बदलायला पाहिजे असं म्हणतोय, लोकांना उपदेश करून हे सुटणार नाही.

आणि यातून जे दुसरं होतं ते मला जास्त लागतं. जे सोडून जात नाहीत ते गेम लांबवतात. सव्वा तासाचा गेम दोन तास दहा मिनिटांचा करायला काय लागतं? चालायचा वेग कमी करायचा. किल्ली दुसऱ्या मजल्यावर ठेवायची आणि कुलूप तळघरात. फ्यूज तीनऐवजी पाच. एकच पॅसेज परत परत चालायला लावायचा, आणि पी.टी. सारखा तो बदलत सुद्धा नाही. हॉरर खेळणाऱ्या प्रत्येकाने असे गेम खेळलेत आणि प्रत्येकाला ती जागा कळते जिथे गोष्ट संपलेली असते आणि घड्याळासाठी पुढचा भाग चाललेला असतो. ज्या वेळी भीती टोकाला असते नेमकं त्याच वेळी खेळाडूला फ्यूज शोधायला पाठवायचं, म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं काम बिघडवायचं, आणि डेव्हलपर हे करतात कारण भाडं भरायचं असतं.

कलेक्शन हा यावरचा एक मार्ग आहे आणि तो मला फार हुशारीचा वाटतो, मुद्दाम केला असेल किंवा नसेल. दहा गेम एकत्र बांधले की कुणीही दोन तासांत संपवू शकत नाही, मग प्रत्येक गेमला जेवढं लांब असायला पाहिजे तेवढंच राहता येतं. कुणाचा पंधरा मिनिटांत संपतो, कुणाचा तासभर चालतो, कुणी घड्याळाकडे बघत नाही. आणि त्यातून पुढे माणसं उभी राहतात हे दिसलंय. दुसऱ्या कलेक्शनमधला 'सकर फॉर लव्ह' २०२२ मध्ये स्वतंत्र पूर्ण गेम म्हणून आला. त्याच कलेक्शनमध्ये 'द टॉय शॉप' करणाऱ्या डार्कस्टोन डिजिटलने पुढे 'द मॉर्च्युरी असिस्टंट' काढला जो जगभर चालला. तिसऱ्यातला 'स्पूकवेअर' सुद्धा नंतर वेगळा निघाला. अनोळखी डेव्हलपरला एका ओळखीच्या नावाशेजारी बसवलं की लोक ओळखीच्यासाठी येतात आणि अनोळखी खेळून जातात, बाजारात एकट्याने उभं राहून हे होत नाही.

पण कलेक्शन म्हणजे सगळ्याचं उत्तर असंही मी म्हणणार नाही. एकतर सात दिवसांची मुदत, ती एखाद्या वेळी गंमत म्हणून ठीक, उत्साहाने रात्र जागवणं वेगळं आणि तोच धंद्याचा नियम होणं वेगळं. आणि दुसरं म्हणजे काही गेम एकटेच चांगले. शिमान्स्कीचाच 'आयर्न लंग' घ्या, मार्च २०२२ चा. रक्ताच्या समुद्रात एक गंजकी पाणबुडी, खिडकी धातूने झाकून बंद, बाहेरचं काही दिसत नाही, आकडे बघून पाणबुडी चालवायची आणि बाहेरचा फोटो काढायचा, तो दाणेदार फोटो हीच एकमेव नजर. गेम साधारण तासाभराचा. त्यात एक जागा आहे, एक यंत्र आहे, आणि एवढ्यावर त्याने जे केलंय ते बघून मार्किप्लायरसारख्या यूट्यूबरने त्यावर सिनेमा काढला. नाहीतर स्ट्रेंज स्कॅफोल्डचाच २०२४ चा 'क्लिकोल्डिंग', हॉटेलच्या खोलीत मुखवटा घातलेला माणूस खुर्चीत बसलाय, तुमच्या हातात मोजणीचं यंत्र, आणि तो बघत असताना दहा हजारापर्यंत क्लिक करत जायचं. तासाच्या आत संपतो. हे दोन्ही कुठल्या पॅकमध्ये घालायची गरज नाही. यांना दोन तासांच्या घड्याळाची भीती वाटू नये एवढंच हवं.

मग नियम काय असावा? माझं म्हणणं साधं आहे. गेम सरासरी किती वेळात संपतो हे स्टीमला माहीत आहे, ते प्रत्येकाचा खेळलेला वेळ मोजतंच. तर छोट्या गेमसाठी रिफंडची मर्यादा त्या प्रमाणात खाली आणा, दीड तासाच्या गेमला वीस-पंचवीस मिनिटं द्या. तेवढ्यात गेम चालतो का, पकड घेतो का हे नक्की कळतं. गेम क्रॅश होत असेल, अर्ध्यात अडकत असेल तर वेळेची अट नकोच, कधीही परत द्या. आणि गेम किती वेळाचा आहे ते खरेदीच्या पानावर स्पष्ट लिहा, म्हणजे घेणारा माणूस माहीत असून घेईल.

यावर लोक म्हणतात की मग कुणीही वीस मिनिटं चकचकीत करेल आणि पुढे कचरा देईल. पण हे आत्ताही होतं, पहिले दोन तास घोटून घासून तयार केलेले आणि पुढे सगळं अर्धवट असे मोठे गेम सगळ्यांनी घेतलेत. आणि दुसरं ऐकायला येतं की कंपनी एवढा मोठा नियम बदलणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये बदलला की. लवकर खेळायला मिळावं म्हणून जास्त पैसे घेणारे गेम होते, तो लवकरचा वेळ दोन तासांत धरला जात नव्हता, लोक भरपूर खेळून परत करत होते, स्टीमची मालक कंपनी व्हाल्व्हने ती फट बुजवली. महागड्या मोठ्या गेमची फट बुजवता येते तर तीनशे रुपयांच्या गेमची का नाही?

तासाला किती रुपये पडले हा हिशोब करणाऱ्यांवर मी चिडत नाही, खरंच. महिन्याला एखादाच गेम घेता येतो अशा घरातल्या पोराने चाळीस तासांचा गेम निवडला तर तो बरोबरच आहे, मी पण तेच केलेलं आहे. पण त्या पोराची गरज वेगळी आणि गेम चांगला आहे का हे ठरवायचं माप वेगळं. आपण सगळेच ते माप वापरायला लागलो, रिव्ह्यू लिहिणारे सुद्धा "खूप छोटा आहे" हे उणेपणात मांडायला लागले, तिथे गडबड झाली. छोटा असणं हा दोष नाही. अपुरा असणं हा दोष आहे. 'रॉटगट' मला अपुरा वाटला, 'स्क्विरल स्टेपलर' छोटा आहे.

आणि हे मी मराठीत का लिहितोय, कारण हे माप बदललं तर सगळ्यात जास्त फायदा आपल्यासारख्यांचा आहे असं मला वाटतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, सुंदर गेम, अभिमान वाटावा असा, पण त्याला एक आख्खा स्टुडिओ आणि कित्येक वर्षं लागली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली तीन मुलं असा गेम बनवू शकत नाहीत. वीस मिनिटांचा हॉरर गेम बनवू शकतात. 'फिअर्स टू फॅदम' ही एकेक भागाने येणारी हॉरर मालिका माहीत असेल, रात्री घरात एकटा असलेला मुलगा, हायवेवर लिफ्ट मागणारा माणूस, पहिला भाग फुकट होता, तासा-दीड तासाचे भाग, मोठे मोठे स्ट्रीमर खेळतात. ती रेल या नावाने काम करणाऱ्या भारतीय डेव्हलपरने बनवलेली आहे. गोष्टी मात्र अमेरिकेत घडतात, मोटेल, पिकअप ट्रक, उपनगरातलं लाकडी घर. त्याने तसं का केलं हे समजतं, खरेदी करणारे तिकडे आहेत. पण जपानमधले चिलाज आर्ट नावाने हॉरर गेम बनवणारे दोघे भाऊ बघा, रात्रपाळीचं छोटं दुकान, सोसायटीचा जिना, अगदी त्यांच्या गल्लीतलं दाखवतात आणि जग ते खेळतं. अनोळखी जागा असल्यामुळे परक्या खेळाडूला उलट जास्त भीती वाटते, त्याला तिथे काय नॉर्मल आहे तेच माहीत नसतं.

आपल्याकडे तर तयार पडलंय सगळं. तळकोकणात आणि गोव्यात वेतोबाला चामड्याची पायताणं वाहतात, तो रात्री गावाभोवती राखण करत फिरतो आणि ती झिजतात अशी श्रद्धा. आता याचा गेम करायला काय लागतं? एक देऊळ, एक पाणंद, पाच सकाळी. तुम्ही देवळात काम करता, रोज सकाळी पायताणं उचलून तळवा बघायचा, किती झिजला, चिखल कुठला लागलाय. चौथ्या सकाळी ती झिजलेलीच नाहीत. यात एकही जंपस्केअर, म्हणजे अचानक अंगावर येऊन दचकवणं, नको, कुणाचा चेहरा दाखवायला नको, आणि याला वीस मिनिटांच्या वर एक मिनिट सुद्धा देऊ नये. श्रद्धेची थट्टा न करता हे करता येतं, करायला पाहिजे.

अडचणी आहेत, नाही कशाला म्हणू. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनमध्ये टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवायच्या साधनाने देवनागरी लिहायला गेलं की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात, बाहेरून काहीतरी जोडून घ्यावं लागतं. गोडो इंजिनच्या चौथ्या आवृत्तीपासून मात्र देवनागरी नीट दिसते, त्यामुळे मराठीत गेम करायचा असेल तर मी तिकडेच जायला सांगेन. इच डॉट आयओ या गेम विकायच्या साइटवर छोटे गेम सगळ्यात जास्त आहेत पण तिथे किमती डॉलरमध्ये, कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात, घरच्यांचं कार्ड असेल तर तिथेच विषय संपतो. स्टीमवर रुपयांत आणि यूपीआयने घेता येतं, म्हणून तर स्टीमचा नियम आपल्यासाठी एवढा महत्त्वाचा. आणि आपल्याकडे गेम खेळणारे बहुतेक फोनवर, तेही खरं, पण 'ग्रॅनी' आठवा, २०१७ चा, पाच दिवसांत म्हाताऱ्या बाईच्या घरातून निसटायचं, गावोगावच्या पोरांनी तो फोनवर खेळलाय. छोटा हॉरर आपल्याकडे चालतो हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही. फुकट असेल तरच चालतो का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर आपण काय विकत घेतो आणि काय परत करतो यावर आहे.

कुणाला सुरुवात करायची असेल तर सरळ हॉन्टेड पीएस१ ची २०२० ची डेमो डिस्क घ्या, पैसे लागत नाहीत आणि लॅपटॉप कसाही असला तरी बहुतेक डेमो चालतात. मग ड्रेड एक्सचं पहिलं नाही, दुसरं, सेलमध्ये येतं तेव्हा, कारण तो वाडा फिरायला छान आहे. एका रात्री एकच गेम खेळा, ओळीने चार खेळलात तर सगळे एकमेकांत मिसळतात. 'स्क्विरल स्टेपलर' ला हेडफोन लावा, त्यात पाऊल टाकल्याचा आवाज आपणच करत असतो आणि थोड्या वेळाने आपल्याशिवाय आणखी कुणाचा येतोय का ते ऐकत बसावं लागतं.